तिसऱ्या फुलाचा लाल रंग

ता. ३ फेब्रुवारी

बारक्या,

चौतीस वर्षांचा घोडा झालास तरी मी बारक्याच लिहिणार, राग मानू नकोस. खुब्याचं हाड जुळतंय असं डॉक्टर म्हणतात. मला तसं काही वाटत नाही, पण फोटो त्यांनी काढलाय, मी नाही. अजून पाच आठवडे ताईकडे पडून राहायचं आहे. जावई घरात असले की ताई "आई, हळू गं" म्हणते, आणि ते बाहेर पडले की खेकसते. एकूण बरं चाललंय.

फोन करू नकोस. कानातलं यंत्र फोनला लावलं की शिट्टी मारतं. मोबाइलवर काही पाठवलंस तर ताई ते मोठ्यानं वाचते, म्हणजे ते साऱ्या घराचं होतं. शिवाय फोनवर तू नुसता "हो हो" करतोस. पत्रात थाप मारायची तर बसून लिहावी लागते, आणि तुझा हात अडखळला की मला अक्षरात दिसतं.

आता कामाचं. धुलाईच्या आवाराचा मालक विचारतोय, करार पुढं चालवायचा की जागा सोडायची? पंचवीस तारखेपर्यंत उत्तर हवंय त्याला. ताई म्हणते, आई, आता बास, सोडून दे. मी अजून काही बोलले नाही. नवा कागद केला तर तो तुझ्या नावानं होईल, कारण हौदात वाकायचे माझे दिवस संपले. पण नऊ वर्षं तू माझ्या हाताखाली गालिचे धुतलेस, एकट्यानं एकही नाही. तेव्हा हेडबाईंचा गालिचा तू एकट्यानं धुवायचा. धड झाला तर आवार तुझं. नाही झाला तर मालकाला किल्ली परत.

हेडबाई म्हणजे त्याच, ज्यांनी तुला शाळेत दोनदा वर्गाबाहेर उभं केलं होतं. गालिचा त्यांच्या आईनं स्वतः मागावर बसून गाठी घालून केलेला आहे. दर वर्षी आपल्याकडे धूळ झाडायला येतो, पण पाणी त्यांनी कधी लावू दिलं नाही. यंदा त्यांच्या म्हाताऱ्या मांजरीनं मरायच्या आधी त्यावर सहा महिने प्रताप केले. अठ्ठावीसला बाई लहान घरात राहायला जाणार. बाकी सामान सगळं वाटून टाकलंय, गालिचा तेवढा नेणार. वास गेलाच पाहिजे म्हणाल्या.

क्रम तुला पाठ आहे, तरी लिहिते. आधी गालिचा उलटा घालून पाठीवर थोपटायचा. मग फडक्याची परीक्षा: पांढरं ओलं फडकं प्रत्येक रंगावर दाबून शंभरपर्यंत मोजायचं, पुढून आणि मागून. फडक्यावर रंग उमटला तर हौदाकडे फिरकायचंसुद्धा नाही. नाही उमटला तरच पुढचं, आणि तेही गार पाण्यात. गरम पाण्याला हात लावलास तर मी कुबडी घेऊन येईन.

मावशी


ता. ६ फेब्रुवारी

मावशी,

नमस्कार. कुबडीसकट यायची वेळ आणणार नाही.

गालिचा काल आला. हेडबाई स्वतः घेऊन आल्या, दोन हमाल मागं आणि त्या पुढं. मला पाहून म्हणाल्या, "तू धुणार?" मी हो म्हणालो. त्या "बरं" म्हणाल्या, पण असं की माझा गृहपाठ अजून राहिलेला आहे. मावशी, या वयात मी हाताची घडी घालून उभा राहिलो, हसू नकोस.

पाठीवरून थोपटून थोपटून हात भरून आले. अर्धी बादली माती निघाली. त्यात एक बटण, पेन्सिलीचा तुकडा आणि मांजरीची दोन नखं होती. नखं मी कागदात बांधून बाईंना पाठवली. त्यांनी ती ठेवून घेतली.

मग फडकी. सात रंग आहेत: जमिनीचा सायीसारखा पांढरा, फुलांचा लाल, निळा, दोन हिरवे, पिवळा आणि खोडांचा तपकिरी. कडेच्या पट्टीत सातही रंग सापडले, तिथंच एकेक करून पाहिले. शंभर म्हणजे शंभर मोजले. चौदा फडकी झाली, चौदाच्या चौदा शुभ्र. दोरीवर ओळीनं वाळत घातली आहेत, दवाखान्यासारखं दिसतंय आवार.

एकच विचारायचं होतं. या गालिच्यात कुठं दुरुस्ती झालेली आहे का? नव्या गाठी, जोड, रफू काही? मी पुढून नीट पाहिलं, मला तर काही दिसलं नाही. तू म्हणालीस की पाणी लावतो.

तुझा बारक्या


ता. ९ फेब्रुवारी

बारक्या,

चौदा फडकी म्हणजे छान केलंस. मला वाटलं होतं तू सातातच उरकशील.

दुरुस्ती काही नाही. त्या गालिच्याला आजवर सुई लागलेली नाही. धू बिनधास्त.

मांजरीच्या जागा आधी घे. गार पाण्यात व्हिनेगर घालून त्या जागा भिजव, अर्धा तास तशाच राहू देत, चोळायचं नाही. चोळलं की वास खालच्या ताण्याच्या दोऱ्यांत जाऊन बसतो आणि पावसाळी हवेत पुन्हा वर येतो, मग माणसं आपल्या नावानं ओरडतात. नंतर साधा साबण, तोही पाण्यात विरघळवून. लाकडी फळीनं लोकरीच्या कलानं पाणी ओढत जायचं, उलट्या दिशेनं एकदाही नाही. खाली येणारं पाणी पिण्यासारखं दिसेपर्यंत धुवायचं. वाळवायला सावलीत, पट्ट्यांच्या चौकटीवर आडवा घालून, वरून पंखा, खालून वारा. दोरीवर टांगलास तर तो स्वतःच्या वजनानं लांबेल आणि कोपरे चारही दिशांना तोंड करतील.

ताईनं आज मला खिडकीशी बसवलं. समोरच्या बाईनं तिचा गालिचा भर उन्हात टांगलाय. मी इथून हातवारे केले, ती मला हात हलवून गेली.

मावशी


ता. १३ फेब्रुवारी

मावशी,

नमस्कार. काल गालिचा धुतला. सगळं छान झालं. मांजरीचा वास जवळजवळ गेला. पाणी चांगलं स्वच्छ निघालं. आता चौकटीवर वाळत घातलाय. काळजीचं काही नाही, सगळं छान आहे.

व्हिनेगरचा दुसरा कॅन आणला. पांढरे टॉवेल कमी पडले म्हणून शेजारच्या केशकर्तनवाल्याकडून चार मागून घेतले.

तुझी तब्येत कशी आहे? मालकाला एवढ्यात काही कळवलं नसशील ना? सगळं छान झालंय, म्हणून विचारलं.

बारक्या


ता. १५ फेब्रुवारी

बारक्या,

एका पत्रात "सगळं छान" तीनदा लिहिणारा माणूस मी अजून पाहिला नव्हता.

शेंड्या कुणाला लावतोस? एका गालिच्याला एक कॅन पुरून उरतो. आणि वाळवताना टॉवेल कशाला लागतात रे? केशकर्तनवाल्याचे टॉवेल मागायची पाळी आली, म्हणजे काहीतरी टिपायचं होतं. मला वाटतं तू घाईनं दोरीवर टांगलास, तो लांबला, आणि आता ओला करून पुन्हा ओढूनताणून बसवतोयस. तसं असेल तर चारी कडा खिळ्यांनी फळीवर ताणून बसव आणि तसाच वाळू दे, बसेल जागेवर.

नऊ वर्षांत तुझ्या हातून पाच-सहा घोटाळे झाले. दर वेळी मी गिऱ्हाइकापुढं उभी राहून "आमच्याकडून झालं" म्हणाले, तुझं नाव घेतलं नाही. पण माझ्यापाशी तू प्रत्येक वेळी खरं बोललास. आवाराच्या नादात ते सोडू नकोस. काय झालं ते सरळ लिही.

मावशी


ता. १७ फेब्रुवारी

मावशी,

दोरीवर टांगला नाही. त्याहून वाईट आहे. लाल रंग सुटला.

मांजरीच्या जागा तू सांगितल्या तशा केल्या, साबण लावला, फळी ओढत होतो. पाणी स्वच्छ येत होतं आणि एकदम गुलाबी झालं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. फळी टाकली आणि गुडघ्यावर बसून शोधलं. दशांच्या बाजूनं मोजलं तर डावीकडून तिसरं मोठं फूल. त्याच्या तीन पाकळ्या सुटल्या होत्या, आणि शेजारच्या पांढऱ्यात तळहाताएवढा गुलाबी ढग पसरला होता.

बाकीची फुलं जशीच्या तशी आहेत. त्याच फुलाच्या उरलेल्या दोन पाकळ्याही शाबूत आहेत. एवढ्या तिनाचंच काय झालं, माझ्या डोक्यात शिरत नाही. मी पुन्हा चौदा फडकी लावली, कडेच्या लालावरचं फडकं आजही शुभ्र निघतं.

रंग सुटला तर गालिचा वाळू द्यायचा नाही, वाळला की कायमचा बसला, हे तू शिकवलंस ते बरं. तेव्हापासून ती जागा ओली ठेवलीय. गार पाणी, व्हिनेगर, वर आणि खाली टॉवेल. टॉवेल गुलाबी झाला की बदलायचा. केशकर्तनवाला रोज विचारतो, कुणाला कापलं का. पाच दिवसांत ढग बराच फिका झालाय, पण आहे. माहीत असलेल्याला दिसतो.

तुला लगेच लिहिलं नाही, कारण मला आवार हवंय. एवढंच कारण आहे. दुसरं कुठलं काम मला येत नाही, आणि दुसरं काही शिकायची इच्छाही नाही. सकाळी कुलूप काढलं की ओल्या लोकरीचा वास येतो, तो मला आवडतो. असं कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील, म्हणून तुला सांगतो.

आता तू सांगशील ते.

बारक्या


ता. २० फेब्रुवारी

बारक्या,

पत्र मिळालं. फडकं नीट दाबलं नसशील. शंभर मोजायच्या ऐवजी साठावर उचललं असशील, तुझी घाई मला ठाऊक आहे.

हेडबाईंकडे जा आणि धुताना चूक झाली म्हणून सांग. आवाराचं नंतर बघू.

कंबर दुखतेय, जास्त लिहवत नाही.

मावशी


ता. २२ फेब्रुवारी

मावशी,

पत्र सकाळी मिळालं, दुपारी हेडबाईंकडे जाऊन आलो.

घरभर खोकी आहेत. बाई एका खोक्यावर बसून दुसऱ्यावर कागद ठेवून काहीतरी तपासत होत्या. मी उभ्या उभ्या सांगितलं की तुमच्या गालिच्याचा लाल सुटला, चूक माझ्याकडून झाली. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मावशीला कळवलंस?" कळवलं म्हणालो. "ती काय म्हणाली?" म्हणालो, माझी चूक आहे असं म्हणाली. बाईंनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "गालिचा माझ्या आईचा आहे. तिची म्हणून तेवढी एकच वस्तू मी ठेवलीय." मावशी, त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सव्वीसला बघायला येणार आहेत. पुढचं त्या ठरवतील.

कागदावर माझं नाव घालू नकोस. मालकाला किल्ली देऊन टाक. सामान वाहणाऱ्या कंपनीत ओळखीच्या एकाशी बोललोय, एक तारखेपासून तिकडे जाईन.

कंबरेची काळजी घे.

बारक्या


ता. २४ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पत्र हातात आहे आणि मला माझीच लाज वाटतेय.

तुझी चूक नाही. फडकं तू नीट लावलंस. त्या तीन पाकळ्या हेडबाईंच्या आईच्या नाहीत, माझ्या आहेत.

सतरा वर्षांपूर्वी गालिचा धूळ झाडायला आपल्याकडे आला होता. गोदामात गुंडाळून ठेवला आणि उंदरानं कुरतडला. तळहाताएवढं भोक. तेव्हा काम नुकतं कुठं जम धरत होतं. एकटी बाई गालिचे सांभाळणार म्हणजे काय सांभाळणार, असं लोक तोंडावर बोलायचे. हेडबाईंनी मात्र विश्वासानं दिला होता. त्यांना जाऊन उंदीर सांगायचा, याची माझ्यात हिंमत नव्हती. चार दिवस दार लावून बसले आणि ताण्यापासून सगळं नवं घातलं, गाठीला गाठ. चांगली रंगवलेली लाल लोकर शिल्लक नव्हती आणि रंगाऱ्याकडे महिना लागणार होता. म्हणून दुकानातली पूड आणून घरीच पातेल्यात लोकर उकळली. त्या रंगाला पाणी लागलं तर तो टिकायचा नाही हे मला तेव्हाच ठाऊक होतं. पण बाई पाणी लावू देत नव्हत्या. दर वर्षी गालिचा यायचा, मी धूळ झाडायची आणि त्या फुलाकडे बघायची नाही.

तू दुरुस्तीचं विचारलंस तेव्हा पेन थांबलं होतं. वाटलं, सतरा वर्षं झाली, आता कसला सुटतोय रंग. एक ओळ लिहिली असती तर तू तिथं फडकं लावलं असतंस आणि हे झालंच नसतं. मग तू तिसरं फूल लिहिलंस. रात्रभर विचार केला, आणि लिहिलं काय, तर तुझी चूक. वर तुलाच बाईंच्या दारात पाठवलं. आयुष्यात पुष्कळांशी भांडले, पण इतकी नीच मी कधी वागले नव्हते.

हेडबाईंनाही आजच वेगळं पत्र टाकतेय, सगळं लिहून. मालकाला ताईकडून आठ दिवसांची मुदत मागवलीय.

तू खचून आवार सोडू नकोस. लाज वाटायची तर मला वाटू दे, तुला कशाला?

मावशी


ता. २७ फेब्रुवारी

मावशी,

मला ठाऊक होतं.

अठरा तारखेला, तुला पत्र टाकल्यावर, गालिचा चौकटीवरून काढून उलटा घातला आणि भिंग घेऊन पाठ पाहिली. पुढून तुझा जोड कुणाच्या बापाला सापडला नसता. मागून मात्र प्रत्येक गाठ एका अंगाला झुकलेली दिसते. हेडबाईंच्या आईच्या गाठी सगळ्या डाव्या अंगाला झुकतात. त्या तीन पाकळ्यांच्या उजव्या अंगाला झुकतात. तुझ्या डावऱ्या हाताच्या गाठी नऊ वर्षं शेजारी बसून पाहतोय, मला ओळखू येणार नाहीत?

मी वाट पाहत होतो, की तू सांगशील. बावीसला तुझं पत्र आलं, फडकं साठावर उचललंस म्हणून. मावशी, मला इतका राग आला की पत्र चुरगाळून हौदात टाकलं, मग काढून वाळवलं. हेडबाईंकडे जाऊन चूक माझी म्हणालो, ते तू माझ्यासाठी पाच-सहा वेळा तसंच केलं होतंस म्हणून. त्याची फेड झाली. पण आवार नको असं लिहिलं ते खचून नाही, रागानं लिहिलं. लाज बीज काही नव्हती. जिथं तू मला असं पुढं ढकलू शकतेस, तिथं मला राहायचं नव्हतं. एवढं सरळ लिहिल्याशिवाय पुढं जाता येणार नाही, म्हणून लिहितोय.

आता हेडबाई. काल सकाळी आल्या, हातात तुझं पत्र. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. म्हणाल्या, "शाळेत काच फुटली की एक जण कबूल झाला तरी मी नशीब समजायची. इथं एका पाकळीला दोन-दोन जण." मग गालिचा उलटा करायला लावला, भिंग माझ्या हातातून घेतलं आणि पाठ बराच वेळ पाहिली. पुढची बाजूही पाहिली. म्हणाल्या, "सतरा वर्षं मी या फुलावर खुर्ची टाकून चहा पीत आले आणि मला कळलं नाही. तुझ्या मावशीला सांग, हात सोन्याचा आहे तिचा. तोंडाचं मात्र ती आली की मी बघते."

मग त्यांनी ठरवलं: तुझ्या गाठी सोडवायच्या आणि चांगल्या लोकरीनं मी नव्या घालायच्या, त्यांच्या देखत. स्टुलावर बसून राहिल्या, काल दिवसभर आणि आज दुपारपर्यंत. तुझ्या गाठी सोडवताना माझा जीव वर-खाली झाला, खरं सांगतो. एकही सहज सुटली नाही. मध्येच बाईंनी त्यांच्या आईचं काही काही सांगितलं. ती माग मांडायची तेव्हा यांनी मधे मधे केलं की फणीनं बोटावर मारायची. शेवटी शेवटी तर एक गाठ त्यांनी स्वतः घालून पाहिली. ती वाकडी आली, त्यांनी तशीच राहू दिली.

गुलाबी ढग आता नावापुरता आहे. बाई म्हणाल्या, तिथं कपाटाचा पाय येईल. मांजरीचा वास पूर्ण गेला, त्यांनी गुडघ्यावर बसून नाक लावून पाहिलं. उद्या नेणार.

राहता राहिलं आवार. सामानाच्या कंपनीला अजून उत्तर दिलेलं नाही. मला आवार हवंय, पहिल्यापासून हवंच होतं. पण एक विचारायचं आहे. गोदामात आपण गुंडाळ्या एकावर एक रचतो. उंदीर शिरला तर तो एकाच गालिच्यावर थांबत नाही, ढिगातून आरपार जातो. सतरा वर्षांपूर्वी त्या ढिगात आणखी किती गालिचे होते? आणि पातेल्यात उकळलेली ती लोकर आणखी कुणाकुणाच्या घरी आहे?

ते सांग. खरं सांगितलंस तर कागदावर माझं नाव घाल. पुन्हा "कंबर दुखतेय" असं आलं, तर मी तिकडे गेलो असं समज.

बारक्या


ता. १ मार्च

बारक्या,

तुझा राग योग्य आहे. मी चार वेळा वाचला. माझ्या तोंडावर असं आजवर कुणी लिहिलं नव्हतं, ताईनंसुद्धा नाही. तू लिहिलंस, बरं झालं.

आणखी चार होते.

पहिला दातांच्या डॉक्टरांचा, निळ्या जमिनीचा. आता त्यांच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत असतो. त्याच्या एका कोपऱ्यात लाल पक्षी आहे, त्याचं पोट माझं. दुसरा घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचा. ते गेले, गालिचा त्यांच्या सुनेकडे आहे, बाजारामागच्या गल्लीत. मधल्या चौकोनाची लाल रेघ पाहा, वीतभर माझी आहे. तिसरा त्या दोन बहिणींचा, ज्या एकमेकींशी बोलत नाहीत आणि गालिचा सहा-सहा महिने वाटून घेतात. आत्ता थोरलीकडे असेल. त्यात दोन जागा आहेत, दोन्ही दशांलगत. तिघांनाही पाणी लागलेलं नाही, मी दर वेळी काहीतरी कारण काढून कोरडेच परत पाठवले. घरं सांगितली आहेत, तू जा, पाठीकडून पाहा, तुला सापडतील. पण बोलणार मी. डॉक्टरांनी काठीवर चालायची परवानगी दिली की तिन्ही दारांत तुझ्याबरोबर मी उभी राहीन, आणि तोंड मीच उघडीन.

कागद सोबत आहे. तुझं नाव घातलंय, खाली माझी सही आहे, मालकाची आधीच होऊन आलेली होती. ताईनं कारण विचारलं. तिला म्हणाले, त्याला माझ्यापेक्षा चांगलं येतं. तिला गंमत वाटली. मी गंमत केली नव्हती.

चौथ्याचं लिहायचं टाळत होते, तू ओळखलं असशील. चौथा ताईचा. तिनं घर थाटलं तेव्हा मीच दिला होता, माझ्या हातचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. द्यायच्या आधी तोही त्याच ढिगात होता. तिला मी सांगितलंय की यात एकही गाठ दुसऱ्यांदा घातलेली नाही, आणि ती हे पाहुण्यांना सांगत असते. आत्ता तो माझ्या पलंगाखाली अंथरलेला आहे. मी इथं आल्यापासून ती मागं लागलीय, आई, तू आहेस तोवर आपण हा घरीच धुऊन घेऊ, तू बसून सांग, मी करते. मी रोज काहीतरी कारण काढतेय.

आज तिला सुट्टी आहे. सकाळपासून बाह्या वर केलेल्या आहेत तिनं. आत्ता दोन बादल्या भरून दाराशी आणून ठेवल्या आणि फळी आणायला गच्चीवर गेली. ती खाली येण्याआधी मला हे पत्र बंद करून पलंगाच्या कडेला नीट उठून बसायचंय. पडल्या पडल्या सांगण्यासारखं हे नाही.

मावशी